मनगटाचं दुखणं आणि हाताला येणाऱ्या मुंग्या: एकच भानगड की दोन?

लोखंडप्रेमी

मंडळी, बरेच दिवस अंगावर काढलं, आता विचारतोच.

उजवं मनगट करंगळीच्या बाजूला दुखतं. बेंच प्रेसला बार खाली घेताना कळ येते, वर ढकलताना तितकी नाही. २० किलोची प्लेट बारवर चढवताना मनगट पिळवटलं की चमक निघते. दाराची मूठ फिरवतानाही तेच.

दुसरं म्हणजे बधिरपणा. स्क्वॉटला मी बार पाठीवर खालच्या बाजूला धरतो (लो-बार). दोन-तीन रेप (आवर्तनं) होत नाहीत तोच करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या भरतात. बार रॅकवर ठेवून हात झटकला की जातात. फोन कानाला लावून बोलत बसलो तरी येतात. रात्री जाग येते तेव्हा कोपरापासून खालचा हात आपला नाहीच असं वाटतं, डाव्या हाताने उचलून बाजूला ठेवावा लागतो.

वय ३४, बैठं काम, दिवसभर कीबोर्ड. आठवड्यात दोनदा बेंच, दोनदा स्क्वॉट, एकदा डेडलिफ्ट, एकदा ओव्हरहेड प्रेस आणि शेवटी ट्रायसेप्ससाठी स्कल क्रशर. बेंचला आत्ता कुठे ९० किलोचे पाच रेप स्वच्छ निघायला लागलेत, त्यामुळे सगळं सोडून बसायचं जिवावर येतंय.

जिममधले म्हणतात कार्पल टनेल. कुणी म्हणतं थेट एमआरआय काढ. स्प्रे मारून झाला, क्रेप बँडेज बांधून झालं. हे एकच दुखणं आहे की दोन? आणि व्यायाम पूर्ण थांबवायचा का?

जाडपट्टा

भावा, कार्पल टनेलच आहे, डोळे झाकून सांगतो. चांगले कडक रिस्ट रॅप (मनगटाला गुंडाळायचे पट्टे) घे आणि आवळून बांध. मी रॅपशिवाय बारला हात लावत नाही. सोबत बी-६ च्या गोळ्या सुरू कर, नसांना ताकद येते. आणि प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची पावडर) घेतोस का? मला त्यानेही तोंडाला न् हाताला मुंग्या येतात.

मनगटवाली

जाडपट्टा दादा, तुमचा शेवटचा प्रश्न तेवढा कामाचा आहे, बाकीचं मागे घ्या. प्री-वर्कआउटमध्ये बीटा-अलानिन असेल तर घेतल्यावर १५-२० मिनिटांत चेहरा, कान, मान, हात असं सगळीकडे टोचायला लागतं आणि तासाभरात विरून जातं. ते निरुपद्रवी असतं. एकाच हाताची दोनच बोटं निवडून बीटा-अलानिन येत नाही.

बी-६ बद्दल मात्र हात जोडून विनंती. हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत, महिनोन् महिने घेतलं तर त्यानेच हातापायांच्या नसा खराब होतात आणि बधिरपणा येतो. रक्त तपासल्याशिवाय 'नसांची गोळी' कुणी कुणाला सुचवू नये. लोखंडप्रेमी, तुमच्या सप्लिमेंटच्या डब्यांमागे बारीक अक्षरात बी-६ किती आहे ते बघा. दोन-तीन डब्यांत मिळून नकळत बरंच पोटात जातं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः बार उचलते. 'जिम बंद करा' हे वाक्य कसं लागतं ते मला ठाऊक आहे, म्हणून ते शक्यतो वापरत नाही.

आता मुद्द्याचं. कार्पल टनेल म्हणजे मनगटाच्या आठ छोट्या हाडांची कमान आणि तिच्यावर ताणून बसलेला पट्टा. त्या बोगद्यातून बोटं वळवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एकच नस जाते, मीडियन. ती अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू सांभाळते. करंगळी तिच्या हद्दीत येतच नाही. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू अल्नर नावाच्या दुसऱ्या नसेकडे असते. ही कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या मागून अगदी कातडीखालून जाते. कोपर टेबलाच्या कडेला आपटलं की झणकन करंगळीपर्यंत जातं ना, तीच. पुढे मनगटापाशी ती आणखी एका चिंचोळ्या वाटेतून तळहातात शिरते.

म्हणजे मुंग्यांचा धागा धरला तर अल्नर नस, नाहीतर मान. ती अडलीय कुठे, ते बोटांवरून पूर्ण कळत नाही, म्हणून चार गोष्टी बघून सांगा:

एक. हात पालथा करा. करंगळीच्या बाजूचा हाताचा मागचा भागही बधिर होतो, की फक्त तळहाताकडची बाजू? त्या मागच्या भागाची फांदी मनगटाच्या बरीच आधी, पुढच्या हातातच (कोपर ते मनगट) वेगळी होते. मागचा भाग बधिर असेल तर अडचण मनगटात नाही, वर आहे.

दोन. कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूच्या कातडीवर कापसाने हलकं फिरवा. दोन्ही हातांवर सारखं कळतं का? ती कातडी अल्नर नसेची नाही. तिथेही बधिर असेल तर मी मानेकडे किंवा गळपट्टीच्या हाडामागच्या भागाकडे बघेन.

तीन. कोपर पूर्ण दुमडून, मनगट मागे वाकवून एक मिनिट बसा. मुंग्या आल्या का आणि किती लवकर? मग हात खाली सोडून मान मागे आणि उजवीकडे वळवा. त्याने हातात काही उतरतं का?

चार. अंगठा आणि तर्जनीच्या बाजूमध्ये कागद धरा, दुसऱ्याला ओढायला सांगा. कागद धरून ठेवताना अंगठ्याचं टोक वाकतंय का ते बघा. दोन्ही हातांची तुलना करा. अंगठा आणि तर्जनीमधला पालथ्या हातावरचा मांसल भाग एका बाजूला खोल गेलेला दिसतोय का, तेही.

वस्तू हातातून पडत असतील, मांस सुकल्यासारखं दिसत असेल, दोन्ही हात बधिर होत असतील किंवा चालताना पाय नीट पडत नसतील तर इथे लिहीत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा. छातीत दडपण येऊन डावा हात भरून येत असेल तर लगेच दवाखाना, तिथे जिमचा विषयच नाही.

नवाबार

मनगटवाली ताईंच्या यादीत एक भर घालतो, कारण हे माझ्यावर गेलंय.

पुल-अप्स आणि ओव्हरहेड प्रेस जोरात चालू होते. एक दिवस व्यायामानंतर उजवा हात जड वाटायला लागला. मुंग्या थोड्याच, पण घड्याळाचा पट्टा नेहमीच्या भोकात बसेना. मला वाटलं पंप आहे, व्यायामानंतर स्नायू फुगतात तो. रात्रीपर्यंत हात खांद्यापासून सुजला, रंग निळसर झाला आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला एरवी न दिसणाऱ्या शिरा ठळक दिसायला लागल्या. पहिल्यांदा ज्यांना दाखवलं त्यांनी स्नायू ताणलाय म्हणून शेक द्यायला सांगितला. सोनोग्राफी झाली ती दुसऱ्या डॉक्टरांकडे. गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी होती. पहिली बरगडी आणि गळपट्टीचं हाड यांच्यामध्ये ती शीर पुन्हा पुन्हा चेपली जात होती म्हणे. याला पॅजेट-श्रोएटर म्हणतात हे तेव्हाच कळलं. रक्त पातळ करायची औषधं बरेच महिने चालली.

लोखंडप्रेमीला हे आहे असं मी म्हणत नाही, त्याला सूज नाही. पण हात सुजला आणि रंग बदलला तर त्याच दिवशी दाखवायचं.

मनगटवाली

नवाबार, बरं झालं लिहिलंत. तरुण, धडधाकट माणूस आणि वजनं उचलणारा, म्हणून ती सूज 'स्नायूची' ठरवून मोकळं होतात. गुठळी फुप्फुसात जाऊ शकते, त्यामुळे तिथे उद्या-परवा चालत नाही.

लोखंडप्रेमी

ताई, सगळं करून बघितलं.

हाताचा मागचा भागही बधिर होतो, करंगळीच्या बाजूचा. आजवर कधी लक्षच गेलं नव्हतं. पुढच्या हाताची कातडी दोन्हीकडे सारखी आहे, रात्री जड वाटतो एवढंच. कोपर दुमडून बसलो तर मिनिट पुरं व्हायच्या आत करंगळी भरली. मान कशीही वळवली तरी फरक नाही. कागद बायकोला ओढायला लावला, दोन्ही हातांनी सारखाच धरला, अंगठा वाकला नाही. मांस सारखं दिसतं.

बी-६ म्हणाल तर डबा एकच आहे आणि त्यात ते नाही.

मनगटाचं सांगायचं तर खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून उठताना करंगळीकडे नेमकं दुखतं. आणि हो, मी उशीखाली हात घालून झोपतो.

मनगटवाली

हे ऐकून मला तरी दोन वेगळी दुखणी वाटतात. तपासल्याशिवाय शिक्कामोर्तब करत नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

मुंग्या कोपरातून येतायत. कोपर दुमडलं की अल्नर नस हाडाच्या मागे ताणली जाते आणि तिची वाट अरुंद होते. आता तुमचा दिवस बघा: फोन कानाला म्हणजे कोपर दुमडलेलं. उशीखाली हात, म्हणजे रात्रभर दुमडलेलं. कीबोर्डवर काम करताना कोपर टेबलाच्या कडेवर टेकत असणार. लो-बार स्क्वॉटमध्ये कोपर दुमडून मागे खेचलेलं, त्यात बार हातांवर पेललेला. स्कल क्रशरमध्ये तर वजन घेऊन पूर्ण दुमडायचं. त्या नसेला दिवसाकाठी उसंत कधी मिळते?

म्हणून सुरुवात रात्रीपासून करा. मोठा टॉवेल कोपराभोवती सैल गुंडाळा, कोपर काटकोनापलीकडे दुमडणार नाही एवढाच. आवळायचं नाही. फोनला इअरफोन लावा. टेबलाच्या कडेवरून कोपर उचला, खुर्ची थोडी वर घेतली की आपोआप उचललं जातं.

जिममध्ये स्कल क्रशर तूर्त बंद, त्याऐवजी दोरीने केबल पुशडाउन, तेही कोपर काटकोनापलीकडे न दुमडता. स्क्वॉटला बार वर, मानेच्या मुळाशी सरकवा आणि हात जरा रुंद धरा. सेफ्टी स्क्वॉट बार मिळाला तर उत्तमच, त्यात हात पुढे असतात. लो-बारचा हट्ट असेल तर पेलायचं काम पाठीचं आहे हे लक्षात घ्या. हातांनी बार नुसता दाबून ठेवायचा. हातावर वजन येत असेल तर बार फार खाली आहे किंवा खांदे तेवढे मागे जात नाहीत.

आता मनगट. प्लेट पिळवटताना, दाराची मूठ फिरवताना, खुर्चीवरून रेटून उठताना करंगळीकडे दुखतं, म्हणजे मला तिथल्या कूर्चेच्या गादीवर संशय आहे, टीएफसीसी म्हणतात तिला. पुढच्या हाताची दोन हाडं मनगटाजवळ तिनेच एकमेकांना धरून ठेवलेली असतात. एमआरआयची घाई करू नका. वयानुसार त्या गादीची झीज काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही दिसते. मग रिपोर्ट हातात घेऊन माणूस उगाच घाबरतो. मनगट पडून-आपटून दुखलं असेल किंवा फिरवताना कट्टकन सरकत असेल, तर गोष्ट वेगळी.

बेंचचा सेट झाला की तळहात बघा. खडू लावून उचलत असाल तर छानच, तो जिथे पुसला गेलाय तिथे बार होता. बहुतेकांचा पट्टा बोटांच्या मुळाशी आडवा दिसतो. म्हणजे बार बोटांवर लोंबत होता आणि मनगट मागे मोडलं होतं. पट्टा तिरका हवा: तर्जनीच्या मुळापासून निघून तळहाताच्या टाचेकडे जाणारा. तसा आणायचा तर बार पकडण्याआधी हात किंचित आत वळवा, अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा आणि तळहाताची टाच आधी बारवर दाबून बसवा, आणि मगच बोटं मिटा. बोटं आधी मिटली की बार जागा सोडत नाही. बाजूने व्हिडिओ काढा, बार बरोबर पुढच्या हाताच्या हाडांवर उभा दिसला पाहिजे. मनगट काटेकोर सरळ नको, थोडं मागे चालतं. आणि अंगठा बाराभोवतीच ठेवा, उघड्या अंगठ्याने बार छातीवर सुटतो.

रिस्ट रॅपला माझा विरोध नाही. पण लोक ते बांगडीसारखे मनगटाच्या खाली पुढच्या हातावर बांधतात, तिथे ते शोभेपलीकडे काही करत नाहीत. अर्धा पट्टा सांध्याच्या वर, तळहाताच्या मुळावर यायला हवा. सेट संपला की सोडा. आवळून तसेच ठेवले तर नवा बधिरपणा विकत घ्याल. आणि कोपरातल्या नसेला रॅपचा काडीचा उपयोग नाही.

काही आठवडे बेंचच्या जागी डंबेल, तळवे एकमेकांकडे करून, जमिनीवर झोपून करा. जमीन असल्याने कोपर फार खाली जात नाही आणि मनगट सरळ राहतं. वजन किती, तर दुखणं सौम्य राहील आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसेल इतकं. मुंग्यांना मात्र ही सवलत नाही. दुखण्यासोबत थोडं काम करता येतं, मुंग्या यायला लागल्या की तो सेट तिथेच सोडायचा.

नस सरकवण्याचे व्यायाम सापडतील तुम्हाला, हात कानाकडे नेऊन बोटांचा चष्मा करणारे वगैरे. हळू, न ताणता, न थांबता केले तर ठीक. ताण देऊन धरून ठेवायचं नाही. डिवचलेल्या नसेला स्ट्रेचिंग मानवत नाही.

नस नुसती चिडलेली असेल तर आठवड्यांत शांत होते. पण तिचे तंतू तुटायला लागले तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर या चालीने परत वाढतात. कोपरापासून करंगळीपर्यंतचं अंतर स्वतःच मोजा. म्हणून ६ आठवडे नीट पाळूनही रात्रीचा त्रास तसाच असेल, किंवा मधेच पकड कमी झाली, तर नर्व्ह कंडक्शन तपासणी (नसेतून संदेश कसा जातो ते बघणारी) करून घ्या. सुरुवातीच्या काळात ती नॉर्मल येऊ शकते, तरी पुढच्या वेळी तुलनेला उपयोगी पडते.

पहाटपाळी

माझी उलट बाजू आहे म्हणून लिहिते. मला अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर व्हायची, पहाटे हात झटकत बसायचे. केटलबेलमुळे असेल असंच धरून चालले होते. तपासणीत कार्पल टनेल निघालं, पण डॉक्टरांनी सोबत रक्तही तपासलं, तर थायरॉइड कमी निघाला. गोळी सुरू झाली, रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी लावली आणि निम्म्याहून जास्त त्रास गेला. सगळा दोष बारला देऊ नये माणसाने.

मनगटवाली

अगदी बरोबर. थायरॉइड, मधुमेह, बी-१२ ची कमतरता, गरोदरपण, यात नसा लवकर कुरकुरतात. पट्टीची वेळही नीट निवडलीत, झोपेतच मनगट सगळ्यात जास्त मुडपतं.

जाडपट्टा

ताई, रॅप खालीच बांधत होतो हो. वर बांधून बघितले, बार एकदम वेगळाच बसतो. बी-६ परत नाही बोलणार.

लोखंडप्रेमी

ताई, थोडं कळवतो. बार वर सरकवून, हात रुंद धरून स्क्वॉट केले, करंगळी शांत. वजन मात्र बरंच उतरवावं लागलं. खडूचा पट्टा खरंच बोटांच्या मुळाशी होता. आता तिरका येतो, पण थकलो की शेवटच्या रेपला परत घसरतो. मनगट पूर्ण गेलं नाही, प्लेट दोन्ही हातांनी चढवतो तेव्हा दुखत नाही.

दोन प्रश्न. डेडलिफ्ट चालू ठेवू का? आणि रात्रीचा टॉवेल मध्यरात्रीच सुटून पायाशी जातो, काय करू?

मनगटवाली

डेडलिफ्ट खुशाल करा, कोपर सरळ असतं, नसेला ताण नाही. फक्त स्ट्रॅप (मनगटाला बांधून बारला गुंडाळायचे पट्टे) वापरत असाल तर ते मनगटाच्या आतल्या बाजूला करंगळीकडच्या हाडावर रुतू देऊ नका. तिथूनच ती नस तळहातात जाते, एकीकडची सुटली आणि दुसरीकडे दाबली असं नको. रुंद, मऊ स्ट्रॅप घ्या. बार घसरतो ते बहुतेक वेळा शेवटच्या रेपला, तर एक रेप आधी थांबा. सध्या तुमचा सेट पट्टा घसरेपर्यंतच.

टॉवेल सगळ्यांचाच सुटतो. खेळाडू वापरतात तो कोपराचा किंवा गुडघ्याचा सैल पॅड घ्या आणि उलटा घाला, गादी कोपराच्या मागे न येता पुढच्या खाचेत येईल असा. दुमडायला गेलं की मधे गादी येते. सकाळी कातडीवर वळ उमटले तर घट्ट आहे, एक माप मोठा बघा.